नरसाळ्यातल्या अक्षता

माझ्या मित्राची मिशी पिस्टनमुळे गेली, असं लालबागमधल्या आमच्या गल्लीत सगळे मानतात. ते खोटं आहे. ती माझ्यामुळे गेली. सहा वर्षं मी हे कोणाला सांगितलं नव्हतं. गल्लीच्या तोंडाशी असलेल्या ज्या काळ्या फळ्यावर मी तेव्हा खोटं लिहिलं, त्या फळ्यावर खरंही आता लिहून झालं आहे, पण तिथे जागा आठ ओळींची. आठ ओळींत माणूस कबुली देऊ शकतो, कारण सांगू शकत नाही. म्हणून हे कागदावर.

मित्राचं गॅरेज आमच्या चाळीच्या तळमजल्यावर आणि मी दुसऱ्या मजल्यावर. रे रोडच्या एका कारखान्यात लोहारखात्यात तेहतीस वर्षं मी तापलेलं लोखंड घणाखाली धरलं. कारखाना बंद पडला तेव्हापासून रोज सकाळी दहाला मी चहाच्या निमित्ताने गॅरेजात उतरतो आणि जेवायला वर जातो. तिथे मला हुद्दा नाही, पगार नाही. मत मात्र प्रत्येक गोष्टीवर आहे. शिवाय अक्षर चांगलं म्हणून गल्लीचा फळा माझ्याकडे. सुविचार, पाणी कधी येणार नाही, कोण वारलं, हे सगळं माझ्या हातून जातं. फळ्यावर आलं ते खरं, असं लोक धरून चालतात. ह्या गोष्टीतलं सगळ्यात वाईट तेच.

मित्राचे वडील ओतशाळेत होते. म्हणजे वितळलेला धातू साच्यात ओतणाऱ्यांतले. आम्ही लोहारखात्यातली माणसं ओतशाळेतल्यांना कधी पुरते कारागीर मानत नव्हतो. ओतायचं काय, आमटी तर कोणीही ओततो! तो म्हणायचा, ठोकायचं काय, धोबीही ठोकतो. चाळीस वर्षांच्या मैत्रीत आमचं हे भांडण कधी मिटलं नाही, आणि मिटावं असं दोघांनाही वाटत नव्हतं.

अशात ठाकूरद्वारचे एक गुरुजी त्यांची गाडी घेऊन आले.

गुरुजी वयाने पस्तिशीचे, पूजा सांगण्यात वाकबगार. श्रावणात दिवसाला चार सत्यनारायण. उरलेल्या वेळात परदेशातल्या गाड्यांचे व्हिडिओ बघायचे. त्यांच्याकडे टर्बो बसवलेली छोटी गाडी होती, एकशे दहा घोड्यांची, म्हणजे हॉर्सपॉवरची. त्यांना दीडशे हवे होते.

"कशासाठी, गुरुजी?" मित्राने विचारलं.

"काका, मुहूर्त कोणासाठी थांबत नाही."

"आणि सिग्नल?"

"सिग्नल सुटल्यावर तरी जाता यायला पाहिजे ना!"

इथवर ठीक होतं. मग गुरुजी म्हणाले, "पिस्टन मात्र घडीव घालायचे. तिकडे सगळे घडीवच घालतात. पॉवर वाढवली की कंपनीचे ओतीव पिस्टन फुटतात म्हणे."

मी चहाचा ग्लास खाली ठेवला. सगळ्या आयुष्यात माझ्या धंद्याची कोणी अशी बाजू घेतली नव्हती.

वाचकांपैकी ज्यांनी इंजिन उघडलेलं पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. पिस्टन म्हणजे इंजिनाच्या नळकांड्यात वरखाली धावणारा, पालथ्या ग्लाससारखा डबा. त्याच्या डोक्यावर पेट्रोलचा भडका उडतो आणि त्या धक्क्याने गाडी चालते. ॲल्युमिनियम वितळवून साच्यात ओतलं की ओतीव पिस्टन. घट्ट गोळा तापवून प्रचंड दाबाखाली ठोकून आकाराला आणला की घडीव. गुरुजींना मी हे घरगुती भाषेत समजावलं. "गुरुजी, तव्यावर पीठ ओतलं की घावन. मळून थापलं की भाकरी. आता सांगा, मजबूत काय?"

"भाकरी गार झाली की मोडते," मित्र म्हणाला. "घावन दुमडून डब्यात जातं. आयुष्यात कधी चुलीपाशी बसलायस?"

संध्याकाळी बायकोला विचारलं तर तीही तेच म्हणाली. पण तोवर मी ते गॅरेजात तीनदा बोलून बसलो होतो.

मित्राचं म्हणणं असं. दीडशे घोड्यांना कंपनीचे ओतीव पिस्टन पुरतात, फक्त ट्यूनिंग नेटकं हवं. पेट्रोलचा भडका वेळेआधी, भलत्या ठिकाणी उडायला लागला, ज्याला नॉकिंग म्हणतात, तरच ओतीव पिस्टन तडकतो. ते होऊ द्यायचं नाही हे मेकॅनिकचं काम. घडीव पिस्टन मार जास्त सोसतो हे खरं, पण तो तापला की जास्त फुगतो, म्हणून त्याच्याभोवती जास्त फट सोडावी लागते. सकाळी इंजिन थंड असताना तो त्या फटीत खडखडतो. "गुरुजी, रोज पहाटे वाडीतल्या माणसांना खडखडाट ऐकवायचाय?"

"पण परदेशात..."

"परदेशात दिवसाला चार सत्यनारायण होतात?"

गुरुजींना ते पटलं. मला नाही. मी म्हणालो, "मित्रा, ओतीव टिकायचा नाय. लिहून देतो."

"मेल्या, लिहिण्यापलीकडे काय येतंय तुला?" तो उसळला. "सहा महिन्यांत ह्यातला एक जरी पिस्टन गेला ना, तर ही मिशी उतरवीन!"

ती मिशी साधी नव्हती. दोन्ही टोकांना वर वळलेली, रविवारी खोबरेल लावून ठेवलेली. इंजिनाचा आवाज ऐकताना तो डावं टोक पिळायचा. टोक पिळून झालं की तो सांगायचा काय बिघडलंय, आणि ते कधी चुकत नसे. लग्नापासून वहिनींनी त्याचा वरचा ओठ पाहिला नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ही पैज रंगीत खडूने फळ्यावर लिहून टाकली.

इंजिन ओतीव पिस्टनवरच बांधून तयार झालं ते खंडेनवमीला. त्या दिवशी आमच्याकडे हत्यारांची पूजा असते. पाने, हातोडे, जॅक पाटावर मांडायचे, हळदकुंकू लावायचं, झेंडू वाहायचा. मी वयाने मोठा म्हणून पूजा माझ्या हातची. मित्र आंघोळीला वर गेला होता. गुरुजींची गाडी मध्यभागी, बॉनेट उघडं, आणि इंजिनात तेल घालायच्या तोंडावर भलंमोठं नरसाळं रोवून ठेवलेलं. नव्या बांधलेल्या इंजिनाला आज पहिलं तेल पडणार होतं.

बायकोने अक्षतांची वाटी दिली होती. अक्षता वाहायच्या त्या हातभर उंचीवरून, डोळे मिटून, असा माझा खाक्या आहे. मी मूठ भरली, डोळे मिटले आणि वाहिल्या. पत्र्यावर तांदूळ पडल्याचा आवाज यायला हवा होता. त्याऐवजी सुर्र असा आवाज आला, आणि मग खोल कुठेतरी टिपटिप. डोळे उघडले तेव्हा नरसाळ्यात एकही दाणा शिल्लक नव्हता.

मी काय केलं? पाटावरचं लोहचुंबक उचललं आणि नरसाळ्यापाशी नेलं. तेहतीस वर्षं लोखंडात काढलेल्या माणसाला दुसरं काही सुचलं नाही. तांदूळ आला नाही.

तेवढ्यात मित्र ओल्या केसांनी जिना उतरत आला. "झाली पूजा? व्वा!" आणि डबा उचलून त्याने भडाभडा तेल ओतलं. मी तोंड उघडलं होतं. पण लगेच आरती सुरू झाली, आणि उघडलेलं तोंड आरतीला लावून मी मनाला सांगितलं, देवाचे तांदूळ आहेत, देव बघेल.

देवाने दसऱ्यानंतर आठव्या दिवशी बघितलं. नायगावात एका नव्या घराची वास्तुशांत होती. हिंदमाताच्या पुलाच्या चढावर गुरुजींची गाडी एकदा कण्हली आणि इंजिन जागच्या जागी जाम झालं. तेल कमी पडल्याचा लाल दिवा लागला असणार, पण गुरुजींनी डॅशबोर्डवर नेमका त्या दिव्यासमोर गणपती चिकटवला होता. ते सोवळ्यात, हातात कलश धरून, बसने नायगावला गेले. गाडी ढकलत गॅरेजात आली.

इंजिन उघडलं. एक पिस्टन बाजूने चिरला होता, नळकांड्याला घासून घासून चिकटला होता. मित्राने बेअरिंगांवर बोट फिरवलं आणि मिशीचं टोक पिळलं. "खरवडलीयत. हे तेलाचं दुखणं वाटतं रे. तेल वर चढलंच नाय. चेंबर खोल, गाळणी बघ. माझे गुडघे खाली जात नायत."

बघा, त्याने अचूक ओळखलं होतं.

मी गाडीखाली आडवा झालो आणि तेलाचं चेंबर उतरवलं. तेल वर ओढणाऱ्या नळीच्या तोंडावर जाळीची गाळणी असते. तिच्यावर तांदळाचा थर बसला होता. काही दाणे तळून सोनेरी झाले होते, काही काळे. दोनतीन हळदीने अजून पिवळे होते, आणि ते माझ्याकडे बघत होते.

"काय रे?" वरून आवाज आला.

मी खिशातला रुमाल काढला, सगळे दाणे त्यात पुसून घेतले आणि म्हणालो, "साफ."

घाबरून म्हणालो, असं पुढे बरेच दिवस मी स्वतःला सांगत होतो. घाबरलो होतो हे खरंच आहे. पण त्या गाडीखाली पडल्या पडल्या मला आणखी एक गोष्ट कळली होती. मी गप्प राहिलो तर ओतीव हरतं आणि घडीव जिंकतं. सत्तरीतला माणूस, पाठीखाली गोणपाट, तोंडावर तेलाचे थेंब, आणि मला आनंद झाला. लाज वाटते ती त्याची.

वर पाना खाली ठेवल्याचा आवाज आला. मग मित्र म्हणाला, "साफ आहे म्हणतोस... मग पिस्टनच." आणि त्याने शब्द पाळला. कोपऱ्यावरच्या सलूनमध्ये जाऊन आला तेव्हा गॅरेजाच्या दारातलं कुत्रं, जे त्याच्या हातचं बिस्कीट खाऊन मोठं झालं होतं, त्याच्यावर भुंकलं. दूधवाल्याने त्यालाच विचारलं, "शेठ कुठेत?" वहिनींनी तर क्षणभर पदर सावरला. मी फळ्यावर तीन रंगांत लिहिलं: "ओतीव पिस्टन निकामी ठरला. घडीव ते घडीव." खाली झेंडूचं फूल काढलं.

रुमाल धुवायला टाकायची चूक मी केलीच. बायकोने तो चिमटीत धरून समोर नाचवला. "अहो, डॉक्टरांनी तेलकट बंद केलंय ना तुमचं? आणि गाडीवरचा फ्राईड राईस रुमालात बांधून आणता?" मी हो म्हणालो. महिनाभर मला बिनफोडणीचं वरण मिळालं. ते मी मुकाट्याने जेवलो. शिक्षा बरोबर होती, गुन्हा तेवढा चुकीचा नोंदला गेला होता.

मिशी पुन्हा वाढवता आली असती. त्याने वाढवली नाही. "पिळायचं काय आता, कळत तर कायच नाय," म्हणाला. आणि तिथून त्याचं बिनसलं. ज्याच्या इंजिनाचं काम निघेल त्याला तो घडीव पिस्टन घालायला लावू लागला. भाजी आणण्यापलीकडे न जाणाऱ्या गाड्यांनाही. आमच्या गल्लीत अशा तीन गाड्या आहेत. सकाळी सातला त्या एकदम सुरू झाल्या की गिरणीचं मागखातं पुन्हा चालू झाल्यासारखं वाटतं. दुसऱ्या मजल्यावर अंथरुणात पडल्या पडल्या मी तो खडखडाट ऐकायचो. प्रत्येक गाडी मला वेगळं काही सांगत नव्हती. तिन्ही एकच सांगत होत्या.

आणि तो प्रत्येक गोष्टीत मला विचारू लागला. ब्रेक कसे वाटतात, तू सांग. हॉर्न बसलाय का, तू सांग. एकदा पोटात दुखतंय म्हणून मी त्याला परळला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी विचारलं, "कुठे दुखतंय?" तर हा माझ्याकडे बोट दाखवून म्हणतो, "ह्याला विचारा. ह्याला समजतं."

यंदा घटस्थापनेच्या दिवशी त्याने सांगितलं की खंडेनवमीची पूजा झाली की शटर ओढायचं, कायमचं. "हाताला कळेनासं झालंय रे. गिऱ्हाईकाला फसवण्यापेक्षा बंद केलेलं बरं." तो कोणाला कुठलं हत्यार द्यायचं त्याची यादी करत बसायचा. मी समोर बसून ग्लासातला चहा गार होऊ द्यायचो.

अष्टमीच्या दुपारी बायकोने उद्यासाठी अक्षता कालवून वाटी माझ्यासमोर ठेवली. तीच वाटी. मी ती उचलली आणि तशीच हातात धरून खाली गेलो.

तो यादीवर वाकला होता. मी वाटी टेबलावर ठेवली. "त्या गाळणीत तांदूळ होता," मी म्हणालो.

"कुठल्या गाळणीत?"

"गुरुजींच्या गाडीच्या. मी अक्षता वाहिल्या त्या नरसाळ्यात गेल्या. गाळणी तुंबली. तू म्हणालास तेलाचं दुखणं, ते बरोबर होतं."

त्याने चष्मा काढला. वाटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "किती होते?"

"मूठभर."

"बासमती?"

"रेशनचे."

"म्हणजे जाड." तो विचारात पडला. "जाड दाणा जाळीत अडकणारच. कणी असती तर निघून गेली असती." मग एकदम त्याचा चेहरा बदलला. "मी विचारलं तेव्हा तू साफ म्हणालास."

"हो."

"मी गाडीखाली वाकू शकत नव्हतो म्हणून तुला सांगितलं होतं."

"हो."

"शिरा पडो तुझ्या तोंडार!" तो ओरडला आणि उठला. मला वाटलं आता पाना येतो. पण तो फळीकडे गेला. तो चिरलेला पिस्टन सहा वर्षं तिथे खिळे ठेवायला वापरला जात होता. त्याने खिळे ओतून दिले, पिस्टन रॉकेलमध्ये धुतला, फडक्याने पुसला आणि माझ्या नाकासमोर धरला. "डोकं बघ ह्याचं. बघ नीट! नॉकिंगचा एक खड्डा नाय, एक डाग नाय. माझं ट्यूनिंग बरोबर होतं. सहा वर्षं हे डोकं माझ्या डोळ्यांसमोर होतं, आणि तू साफ म्हणालास म्हणून मी एकदा वळून पाहिलं नाय."

मी त्या डोक्यावरून अंगठा फिरवला. गुळगुळीत होतं.

मग त्याने पिस्टन टेबलावर मधोमध ठेवला, वाटीतल्या अक्षता त्याच्यावर वाहिल्या, बेतशीर, आणि म्हणाला, "फळा आणि मिशी. दोन्ही आजच्या आज."

मलाही मिशी होती हे सांगायचं राहिलं. पांढरी, पण होती. कोपऱ्यावरच्या त्याच सलूनमध्ये ती उतरली. बायको मला बघून म्हणाली, "अरे देवा! हा ओठ आधी दिसला असता तर मी लग्नाला हो म्हटलं नसतं." मग सगळं ऐकल्यावर म्हणाली, "म्हणजे तो फ्राईड राईस नव्हता? एक महिना मी बिनफोडणीचं वाढलं तुम्हाला!" आणि रात्री फोडणी नेहमीपेक्षा खमंग दिली. कबुलीचा एवढाच फायदा मला झाला.

फळ्यावर त्याने सांगितलं ते मी लिहिलं. "सहा वर्षांपूर्वी ह्या फळ्यावर ओतीव पिस्टन निकामी ठरला असे लिहिले होते. ते खोटे होते. पिस्टन निर्दोष होता. हे लिहिणाऱ्याच्या हातून इंजिनात अक्षता पडल्या व त्याने ते लपवले." पांढऱ्या खडूने लिहिलं, आणि पांढऱ्या खडूने मी एरवी फक्त कोण वारलं ते लिहितो. त्यामुळे बरेच जण अर्धवट वाचून हात जोडून पुढे गेले. एका आजींनी मला थांबवून विचारलं, "दिवस कधी आहेत?"

खंडेनवमीच्या सकाळी गॅरेजात उतरलो तर प्रत्येक गाडीच्या प्रत्येक भोकात फडकी कोंबलेली. सायलेन्सरमध्येसुद्धा. मित्राने माझ्या हातात झेंडूची दोन फुलं दिली. "ही वाहा. मोठी आहेत, कुठे जायची नायत."

आरती संपते न संपते तोच गुरुजी आले. फळा वाचून आले होते. मी खाली मान घालून उभा राहिलो. ते थोडा वेळ माझ्या उघड्या ओठाकडे बघत राहिले. "काका, म्हणजे माझ्या इंजिनावर अक्षता पडल्या होत्या? मग ते मंगलकार्यच झालं म्हणायचं." आणि लगेच मित्राकडे वळले. "मी दुसरी गाडी घेतलीय. कोस्टल रोड झाल्यापासून जरा मोकळं जाता येतं. हिचे दोनशे ऐंशी घोडे करायचेत. आताचे दीडशे आहेत."

"ओतीवच ठेवा, गुरुजी," मी घाईघाईने म्हणालो. मला भरपाई करायची होती. "ओतीव उत्तम. माझी चूक मी कबूल केलीय."

"तू गप्प बस!" मित्र म्हणाला. तो बॉनेटपाशी गेला, गुरुजींना इंजिन सुरू करायला लावलं आणि मान कलती करून ऐकू लागला. सायलेन्सरमध्ये फडकं नाही ना, हे मी आधी पाहून घेतलं. त्याचा डावा हात वर गेला आणि ओठापाशी, जिथे पिळायला काही नव्हतं, तिथे दोन बोटं आपोआप फिरली. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "दीडशेचे दोनशे ऐंशी म्हणजे जवळजवळ दुप्पट. एवढा दाब आणि एवढी उष्णता हे कंपनीचे पिस्टन सोसायचे नायत. एकदा जरी नॉकिंग झालं तरी तडकतील. ह्याला घडीवच लागतील, पिस्टनखालचे कनेक्टिंग रॉडसुद्धा. सकाळी खडखडेल, ते ऐकून घ्यायचं. आणि कोस्टल रोडच्या बोगद्यात वेगाची पाटी लावलीय ती वाचायची."

"ह्यांना विचारायचं का एकदा?" गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं.

"ह्याला? ह्याला काय समजतंय!" मित्र म्हणाला. मग टेबलावरची हत्यारांची यादी उचलून त्याने तिला हाताचं तेल पुसलं. "गाडी दिवाळीनंतर आणा, गुरुजी. आणि तो गणपती दिव्यासमोरून जरा बाजूला सरकवा."